वास्कोहून मॉरिशस: नौदलाच्या परदेशी पोस्टिंगची घरच्या बाजूची तयारी

प्रश्न थोडक्यात असा. कुटुंब चिखलीच्या नौदल क्वार्टर्समध्ये राहतं. यजमान आय.एन.एस. हंसा या वास्कोजवळच्या नौदलाच्या हवाई तळावर विमानांच्या तांत्रिक शाखेत चीफ पेटी ऑफिसर आहेत. मॉरिशसच्या नॅशनल कोस्ट गार्डकडे दोन वर्षांची प्रतिनियुक्ती आली आहे, ऑगस्टअखेर निघायचंय. मुलगी सहावीत, मुलगा चार वर्षांचा, सासूबाई डिचोलीच्या घरी, शिवाय एक कुत्रा आणि एक गाडी. हातात तीन महिने आहेत आणि पाऊस दारात आलाय. ताई विचारतात, सुरुवात कुठून करू?

ताई, बॅगा माळ्यावरच राहू द्या. पहिला आठवडा फक्त कागदांना द्या, आणि कागदांतही आधी नावांना. परदेशी पोस्टिंगमध्ये कुटुंब मागे राहतं ते बहुतेक वेळा सामानामुळे नव्हे, तर एका अक्षरामुळे. दुसरी गोष्ट सगळ्या कामांना लावायची. जे पाऊल मागे घेता येतं ते आजच टाका. जे मागे घेता येत नाही (शाळेचा दाखला काढणं, क्वार्टर सोडणं, गाडी विकणं, गॅस परत करणं) ते व्हिसा हातात येईपर्यंत टाकू नका. तारखा पुढे सरकतात, कधी पोस्टिंगच रद्द होतं, आणि दाखला काढलेलं मूल भर वर्षात अधांतरी राहतं.

ट्रान्सफरची ऑर्डर आली म्हणजे सगळं आलं असं समजू नका. खरा आधार सरकारी मंजुरीपत्राचा, ज्याला ऑफिसात सगळे ‘गव्हर्नमेंट सँक्शन’ म्हणतात. यजमानांना त्याची प्रत घरी आणायला सांगा आणि दोघांनी बसून वाचा. मुदत किती, ती रुजू झाल्यापासून की निघाल्यापासून; कुटुंब सोबत नेण्याची मंजुरी आहे का आणि कुणाकुणाची नावं आहेत; सामान किती, विमानाने किती आणि जहाजाने किती; तिथे घर कोण देणार, सामानासह की रिकामं; मुलांच्या शिक्षणाचा खर्च कुणाकडे; आजारपणाचा खर्च कुणाकडे. सामानाची हद्द हुद्द्याप्रमाणे आणि प्रत्येक पत्राप्रमाणे बदलते. मागच्या तुकडीतल्या शेजारणीने किती नेलं यावरून हिशेब करू नका.

आता नावं. एका मोठ्या कागदावर चौकट आखा. आडव्या ओळींत घरातली चार माणसं. उभ्या रकान्यांत जन्मदाखला, आधार, पॅन, सध्याचा पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि नौदलाच्या नोंदीतली कुटुंबाची माहिती, म्हणजे मुंबईच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे आहे ती. प्रत्येक चौकोनात त्या कागदावर आहे तसंच इंग्रजी स्पेलिंग उतरवा, अक्षर न अक्षर, मधलं नाव आणि जन्मतारखेसह. मनाने दुरुस्त करू नका.

गोव्यात ही चौकट भरताना जे निघतं ते इतरत्र क्वचित निघतं. गावकर नव्या कागदावर ‘के’ने लिहिलेला असतो, वडिलांच्या जुन्या नोंदीवर ‘सी’ने. शेट ‘एक्स’ने सुरू होतो. प्रभूचा कुठेतरी पोरोब झालेला असतो. त्यातच लग्नात बदललेलं नाव. माहेरची सुनीता सासरी सुप्रिया झाली. सिव्हिल रजिस्ट्रारच्या वहीत सुनीता, आधारवर सुप्रिया, आणि यजमानांनी नौदलात कळवताना लिहिलं ते तिसरंच. गावात कुणाचं काही अडत नाही. व्हिसाच्या टेबलावर मात्र या दोन वेगळ्या बायका असतात.

दुरुस्ती उलट्या क्रमाने करू नका. बहुतेक जण आधी आधार बदलायला धावतात, कारण ते केंद्र जवळ असतं. पण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून आधी मूळ कागद कोणता धरायचा ते ठरवा: मुलांसाठी जन्मदाखला, तुमच्यासाठी विवाहाची नोंद आणि सध्याचा पासपोर्ट. मग बाकीचे कागद त्याला जुळवा. नुसतं स्पेलिंग थोडं वेगळं असेल तर ‘ही एकच व्यक्ती’ अशा प्रतिज्ञापत्रावर भारतात निभावतं. परदेशी अधिकारी ते मानेलच असं नाही. नावच बदलायचं असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा नाव व आडनाव बदल कायदा आहे. अर्ज सिव्हिल रजिस्ट्रारकडे जातो, सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी ३० दिवस जातात. त्या ३० दिवसांना कुणाची ओळख चालत नाही. तुमच्या ९० दिवसांतला एक तृतीयांश वेळ तिथेच संपतो, म्हणून चौकट पहिल्याच आठवड्यात.

मुलाच्या जन्मदाखल्यावर त्याचं नाव आहे ना, हेही डोळ्यांनी पाहा. इस्पितळातून नोंद जाते तेव्हा बाळाचं नाव ठरलेलं नसतं आणि तो रकाना कोराच राहतो. पहिल्या वर्षात नाव मोफत घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. काम सोपं आहे, फक्त लक्षात यायला हवं.

विवाहाच्या दाखल्याची आणखी एक खोच आहे. गोव्यात नोंदणीला दोन सह्या लागतात: आधी इराद्याची, आणि मुदत गेल्यावर दुसरी, कायम करणारी. देवळात किंवा हॉलमध्ये लग्न लागलं, पहिली सही झाली, आणि धावपळीत दुसरी राहून गेली अशी जोडपी दर वर्षी सापडतात. हातात जो कागद आहे तो पूर्ण नोंदीचा उतारा आहे की पहिल्या सहीचा, ते तपासा. पहिलाच असेल तर सगळं सोडून आधी रजिस्ट्रारचं ऑफिस गाठा.

दाखला लॅमिनेट केलेला आहे का? गोव्यात हे फार होतं आणि त्याला कारणही आहे. जुलैत कपाटातला कागद मऊ पडतो, कडांना काळे ठिपके येतात, म्हणून घरातलं वडीलधारं माणूस मायेने सगळे दाखले प्लास्टिकमध्ये बंद करून आणतं. पण ॲपोस्टिलचा शिक्का (परदेशात दाखला खरा मानला जावा म्हणून लागणारा) मूळ कागदाच्या पाठीवर लागतो. लॅमिनेट केलेला कागद खिडकीतूनच परत येतो, आणि प्लास्टिक सोलायला गेलात तर शाई त्याच्याबरोबर निघते. सोलू नका. ज्या रजिस्ट्रारकडे नोंद आहे तिथून नवा सही-शिक्क्याचा उतारा काढा, प्रत्येकी दोन. भारत २००५ पासून ॲपोस्टिल करारात आहे आणि मॉरिशसही त्यात आहे, त्यामुळे हा एक शिक्का पुरतो. क्रम असा: आधी राज्य सरकारकडून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिल. मुलांचे जन्मदाखले आणि तुमचा विवाहाचा दाखला एवढे करून घ्या. शाळेच्या कागदांना ते हवंय का हे शाळा ठरवते, आधी विचारा. नवे उतारे झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. लॅमिनेशनचं काम ती पुडी करते.

एक नाजूक गोष्ट गोव्यातल्या कुटुंबाला सांगायलाच हवी. तुमच्या आईवडिलांमार्फत तुमची किंवा मुलांची जन्मनोंद कुणी पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये करून ठेवली असेल, तर ती लपवू नका. ‘नुसती नोंद आहे, पासपोर्ट कुठे घेतलाय’ असं घरात म्हटलं जातं, पण तिथल्या नोंदीतून पोर्तुगीज नागरिकत्वाचा प्रश्न उभा राहतो, आणि सरकारी पासपोर्टवर जाणाऱ्या सैनिकाच्या घरात तो नंतर उघडकीला येण्यापेक्षा आधी विचारलेला बरा. यजमानांनी युनिटच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तरही लेखी घ्यावं.

पासपोर्टकडे येऊ. साधा पासपोर्ट गडद निळा, सरकारी कामावर जाणाऱ्यांचा ‘ऑफिशियल’ पांढरा. तो दिल्लीच्या पतियाळा हाऊसमधल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या विभागाकडून निघतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रकार निवडताना ‘ऑफिशियल’च निवडायचा, छापील प्रत युनिटच्या पत्रासह आणि प्रमाणपत्रांसह पाठवायची. घरच्या कुणाकडे साधा पासपोर्ट असेल तर तो जमा करावा लागतो आणि जमा केल्याची पावती अर्जाला जोडावी लागते. जमा करण्याआधी त्याच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढा, कोऱ्या पानांच्या सुद्धा. अर्ज परत येण्याची कारणं ठरलेली आहेत: फोटो मापाचा नाही (३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चष्म्यावर चमक नको), मुलाच्या अर्जावर एका पालकाचीच सही, किंवा मंजुरीपत्रातलं नाव आणि अर्जातलं नाव वेगळं. पुन्हा नावच. मंजुरीपत्रात स्पेलिंग चुकलं असेल तर दुरुस्तीपत्र मागवा. ते यायला पासपोर्टपेक्षा जास्त दिवस लागू शकतात. पासपोर्ट आल्यावर मंत्रालयाची व्हिसा नोट (व्हिसासाठीचं सरकारी पत्र), मग व्हिसा. हे सगळं ऑफिसमार्फत चालतं, तुम्ही दर सोमवारी कुठवर आलंय एवढं विचारत राहा. आणि लक्षात असू द्या, पांढरा पासपोर्ट कामासाठी आहे. सुट्टीत तिथूनच शेजारच्या बेटावर फिरून यायचं असेल तर परवानगी घ्यावी लागते, परत आल्यावर तो जमा करावा लागतो.

मुलीच्या शाळेबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण इथे तारखा अंगावर येतात. मॉरिशसचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. तुम्ही सप्टेंबरच्या तोंडावर पोचणार, म्हणजे वर्षाचं शेवटचं सत्र. आणि तिथे प्राथमिक शाळा सहावीला संपते, त्या वर्षाच्या शेवटी सगळ्या देशाची परीक्षा असते, तिला पी.एस.ए.सी. म्हणतात, त्यात फ्रेंचही असतं. ज्या मुलीने फ्रेंच ऐकलेलंही नाही तिला परीक्षेच्या काही आठवडे आधी त्या वर्गात बसवणं म्हणजे तिच्यावर अन्याय. माझं मत स्पष्ट आहे: तिला जानेवारीत सातवीत बसवा. मधले चार महिने घरी इथलीच सहावीची पुस्तकं पुरी करायची आणि रोज तासभर फ्रेंच. फ्रेंच आजपासूनच सुरू करा. आकडे, वार, वर्गातल्या वस्तू आणि ‘मला समजलं नाही’ हे वाक्य. पुढच्या शाळेला आधी पत्र लिहून मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं पाठवा आणि प्रवेशाचं लेखी उत्तर घ्या. इथला शाळा सोडल्याचा दाखला व्हिसा आल्यावरच, पण त्याचा मसुदा आधी वाचून घ्या: नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळली पाहिजे.

दोन वर्षांनी परत याल तेव्हा ती आठवीत असेल, ते चालतं. पण तिकडे तिसऱ्या वर्षाची मुदतवाढ मिळाली तर ती नववीत येते. सी.बी.एस.ई.ची नोंदणी नववीत होते आणि दहावीत थेट प्रवेश मिळणं अवघड असतं. मुदतवाढीचा प्रश्न येईल तेव्हा पगाराआधी या गोष्टीचा विचार करा. नववी-दहावीची जोडी तोडू नये.

मराठीची काळजी मात्र करू नका. कोकणातून मजुरीसाठी गेलेल्या लोकांचे वंशज तिथे आहेत, ते स्वतःला मराठी म्हणवतात, आणि शाळांमध्ये मराठी हा ऐच्छिक विषय आहे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. प्रवेशाच्या वेळी मराठी विषय आहे का हे विचारून घ्या.

मुलाच्या बाबतीत लसींचं पुस्तक हीच शाळेची चावी. पुस्तकातल्या प्रत्येक लसीपुढे तारीख आणि शिक्का हवा. ‘दिली’ एवढंच लिहिलेलं असेल तर आय.एन.एच.एस. जीवंती या नौदलाच्या इस्पितळातून किंवा जिथे दिली तिथून पूर्ण करून घ्या. भारतातून थेट मॉरिशसला जाताना पिवळ्या तापाची लस लागत नाही. पण येण्याजाण्यात आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर थांबा असेल, समजा नैरोबी, तर लागू शकते. आणि पिवळ्या तापाच्या देशातून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात मिळते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडल्यावर काही तासांतच संपवावी लागते, म्हणून ठरलेल्या वारीच देतात. आधी फोन करून जा. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

दातांची कामं इथेच संपवा. चष्म्याचा नंबर तपासा, दोन जोड घ्या. औषधं तीन महिन्यांची, मूळ पाकिटातच, सोबत डॉक्टरांच्या लेटरहेडवर औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि रोजची मात्रा. इथे सावध राहा. मॉरिशसचे अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत. झोपेच्या गोळ्या, चिंतेवरच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत. घरातल्या औषधांच्या डब्यातलं अर्धवट सिरप ‘असू दे, लागेल’ म्हणून बॅगेत टाकू नका. ई-सिगारेटही तिथे चालत नाही.

कुत्र्याबद्दल सरळ सांगतो: या वेळी त्याला डिचोलीला सासूबाईंकडे किंवा खात्रीच्या माणसाकडे ठेवा. नेण्यासाठी आधी तिथल्या पशुवैद्यक खात्याचा आयात परवाना, मायक्रोचिप, रेबीजची लस, अनेक देशांत लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्ताची चाचणी, मग मुंबईच्या पशु संगरोध केंद्राचं प्रमाणपत्र, आणि उतरल्यावर विलगीकरण. गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाचं काम कितीही चांगलं झालेलं असलं तरी परदेशी नियमांत भारत हा एकच देश असतो. तीन महिन्यांत हे ओढाताणीने करायला गेलं की शेवटी प्राणीच हाल सोसतो.

पैशाचं मी थोडक्यात आटपतो. तिथला भत्ता पहिल्या दिवसापासून हातात पडेल असं गृहीत धरू नका. दीड-दोन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. तिथल्या चलनालाही रुपयाच म्हणतात, पण तो आपल्यापेक्षा महाग आहे, पहिले काही दिवस किमती वाचताना फसगत होते. बँकेला लेखी कळवून खात्याचा प्रकार काय राहील ते विचारा. ओ.टी.पी. येणारा मोबाईल नंबर रोमिंगसह चालू ठेवा आणि त्याच्या रिचार्जची तारीख इथल्या एका माणसाकडे द्या. नंबर बंद पडला की बँक, आधार आणि आयकर तिन्ही एकदम अडतात. सोनं नेणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टमचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, परत येताना तेच दागिने तुमचे आहेत हे सांगायला तो कागद लागतो. यजमान सर्व्हिस व्होटर (सैनिक म्हणून नोंदलेले मतदार) असतील, आणि तुम्ही त्यांच्यासोबत राहता म्हणून तुमचीही तशी नोंद होऊ शकते, फॉर्म २ भरून ठेवा.

मुखत्यारपत्र मात्र सविस्तर. गोव्यात लग्नानंतर मालमत्ता साधारणपणे दोघांची सामाईक धरली जाते, त्यामुळे घर-जमिनीच्या व्यवहाराला दोघांची संमती लागते. एकट्या यजमानांनी भावाला मुखत्यारपत्र दिलं आणि बायकोची सही नाही, म्हणून सब-रजिस्ट्रारकडून परत पाठवलं, हे नेहमीचं आहे. दोघांनी सही करा. ‘सर्व अधिकार’ असं लिहू नका, कामं मोजून लिहा: घरपट्टी भरणं, वीज-पाण्याचे अर्ज, दुरुस्ती, बँकेत चेक जमा करणं, पंचायतीत हजर राहणं. विक्रीचा अधिकार खरोखर लागणार नसेल तर देऊच नका. आणि हे जायच्या आधीच करा. तिथे गेल्यावर केलं तर भारतीय उच्चायुक्तालयात सही करावी लागते, आणि तो कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांक भरावा लागतो. ती तीन महिन्यांची गोष्ट सगळे विसरतात.

सासूबाईंच्या नावाचं डिपेंडन्ट कार्ड (सैनिकावर अवलंबून असलेल्यांचं ओळखपत्र) नवं करून घ्या, तुम्ही गेल्यावर त्यांच्यासाठी धावपळ करणारं कुणी नसेल. जीवंती वास्कोत, त्या डिचोलीला. दर महिन्याला औषधं कोण आणणार, त्याच्या नावाचं अधिकारपत्र यजमानांच्या सहीने करून द्या. रात्री काही झालं तर वास्कोपर्यंत न आणता जवळच्या सरकारी इस्पितळात किंवा बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात न्यायचं, हे शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. १०८ चा नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरांत लावा. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला कोण करणार तेही ठरवा. आणि चवथ, म्हणजे गणपती. मूळ घरातली चवथ भाऊबंदांच्या पाळीने चालते. तुमची पाळी या दोन वर्षांत येत असेल तर ती कुणाकडे द्यायची हे निघण्याआधी सगळ्यांसमोर बोलून घ्या. फोनवर ठरवलेली पाळी पुढे मनात राहते.

सामान. तुमचं पॅकिंग जुलै-ऑगस्टमध्ये होणार, आणि गोव्याच्या पावसात पुठ्ठ्याचं खोकं स्पंजासारखं पाणी ओढतं. सकाळी कडक असलेलं खोकं संध्याकाळी बोटाने दाबलं तर आत जातं, टेप लावली की दुसऱ्या दिवशी तिची कड सुटून वर आलेली दिसते. अशा खोक्यात भरलेले कपडे महिनाभर बंद कंटेनरमध्ये राहिले की उघडताना बुरशीचा वास येतो, आणि तो वास युनिफॉर्मच्या कापडातून सहज जात नाही. म्हणून एक खोली ठरवा, तिथे ए.सी. कोरड्या मोडवर चालवा, खोकी आधी २४ तास त्या खोलीत ठेवा, भरणं आणि टेप लावणं त्याच खोलीत. कपडे उन्हात नाही मिळाले तर इस्त्रीने कोरडे करून, गार झाल्यावर भरा. गरम कपड्याची वाफ प्लास्टिकमध्ये अडकते. प्रत्येक खोक्यात आतून जाड प्लास्टिकची पिशवी आणि सिलिका जेल. चामड्याचे बूट आणि पट्टे कपड्यांसोबत नको. लाकडी पेटी करणार असाल तर लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवाच: गाभ्यात ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं. सुताराकडून घरगुती फळ्यांची पेटी ठोकून घेतली तर ती बंदरावर अडते.

प्रत्येक खोक्याला क्रमांक, आणि यादी इंग्रजीत: वस्तू, नग, कंपनी, सिरियल नंबर, किती जुनी, अंदाजे किंमत. ‘किचन आयटम्स’ असं मोघम लिहिलं की कस्टम ते खोकं हमखास उघडतं. यादीची एक प्रत परत येताना लागते, ती जपा.

काय न्यायचं? वीज तिथेही २३० व्होल्ट, त्यामुळे मिक्सर, इस्त्री चालतात. प्लग वेगळे, ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांचे आणि युरोपियन दोन गोल पिनांचे. चार चांगले ॲडॉप्टर आणि एक आपल्याकडचा एक्स्टेन्शन बोर्ड न्या. कुकरच्या प्रत्येकी तीन रबरी रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. खवणी न्या, पण चेक-इन सामानात, पातं गुंडाळून. पॉवर बँक उलट, फक्त हातातल्या बॅगेत: २०,००० एम.ए.एच. म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर, ते चालतं. मर्यादा १०० ची.

खाण्याच्या वस्तूंत हात आखडा. झाडं, फळं, बियाणं, माती हे परवान्याशिवाय नेता येत नाही. म्हणजे गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं-पानं नाहीत, परसातल्या मिरचीचं बी नाही, तुळशीचं रोप नाही. सुके मासेही सोडाच. दुकानातून सीलबंद आणलेले, लेबल असलेले मसाले आणि सोलं (आमसुलं) न्या, आणि कागदावर जाहीर करा.

ऑगस्टअखेर तिथे हिवाळा असतो हे गोव्यातून निघताना कुणाच्या मनात येत नाही. क्युरपिप, व्हाक्वा ही पठारावरची गावं थंड आणि भिजरी. मुलांना दोन-दोन स्वेटर, पायमोजे आणि एक रेनकोट हातातल्या सामानात ठेवा, जहाजाच्या खोक्यात नको. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. इशारे चार पायऱ्यांचे असतात आणि तिसऱ्या पायरीनंतर घराबाहेर पडत नाहीत. पोचल्यावर पहिल्या महिन्यातच बॅटरी, पाणी आणि कोरडा शिधा भरून ठेवा.

जे नेणार नाही ते डिचोलीच्या घरी. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पावसात ओल धरते, म्हणून कपाट, खोकी भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीवरून फळीवर उचलून. फ्रीज धुऊन, पुसून, दार फडक्याने किलकिलं ठेवून. गाडी दोन वर्षं उभी ठेवू नका. बॅटरी मरते, उंदीर वायरी खातात, कव्हरखाली बुरशी धरते. विका, किंवा चालवणाऱ्या नातेवाइकाला अधिकारपत्र आणि विम्याचे कागद देऊन ठेवा. यजमानांनी आर.टी.ओ.कडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, तो एक वर्ष चालतो. मॉरिशसमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात.

क्वार्टर सोडताना एम.ई.एस.च्या (लष्करी बांधकाम-देखभाल खात्याच्या) माणसासोबत मार्चिंग आऊट, म्हणजे ताबा परत देणं, होतं. पंखे, गिझर, नळ, काचा तुम्ही ताब्यात घेतलेल्या यादीप्रमाणे मोजतात. ती यादी आजच शोधा आणि तुटलेलं आधी दुरुस्तीच्या वहीत नोंदवा, शेवटच्या दिवशी सापडलं तर वसुली होते.

पोस्टिंगची तारीख, ठिकाण, युनिफॉर्ममधले निरोपाचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका, मुलीच्या फोनवरूनही नाही.

विमान मुंबईहून. गोवा-मुंबई आणि पुढचं तिकीट एकाच बुकिंगवर हवं, म्हणजे पावसात पहिलं विमान रखडलं तर पुढची जबाबदारी विमान कंपनीची राहते. तिकीट दाबोळी विमानतळाचं आहे की मोपाचं ते नीट पाहा. वास्कोहून मोपा दीड-दोन तास धरा. पासपोर्ट, मंजुरीपत्र, ॲपोस्टिल केलेले दाखले, लसींची पुस्तकं, औषधांच्या चिठ्ठ्या आणि सामानाची यादी एका फाईलमध्ये, ती फाईल तुमच्या खांद्याला. यजमानांकडे दुसरा संच, झेरॉक्सचा. तिसरा संच डिचोलीच्या घरी, सासूबाईंना माहीत असलेल्या खणात.